गोंदिया स्टेशनवरून शर्यतीला

महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून निघते आणि कोल्हापूरला जाऊन थांबते. तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर, एक अख्खा दिवस आणि वर काही तास. एवढं धावूनही ही गाडी महाराष्ट्राची हद्द ओलांडत नाही. मला तिचं कौतुक आणखी एका कारणासाठी आहे. आपल्या राज्यातल्या हौशी मोटारशर्यतींची जवळजवळ सगळी ठिकाणं तिच्या वाटेवर लागतात. मनमाडला उतरलं की नाशिक जवळ. रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिक परिसरातल्या रस्त्यांवर भरत आली. पुढे पुणं, म्हणजे सुपरक्रॉसवाल्यांचं माहेर. आणि रूळ संपतात त्या कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक. तिथे राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत.

एकच अडचण आहे. हे सगळं वाटेच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि अलीकडच्या टोकाला, गोंदियात, यातलं काहीच नाही.

कुठल्या शर्यतीला किती खर्च येतो आणि त्या खर्चात किती थरार मिळतो, या हिशेबाची सुरुवात बहुतेक जण गाडीच्या किमतीपासून करतात. गोंदियाच्या माणसाने ती तिकीट खिडकीपासून करावी. मोटारसायकल रेल्वेने न्यायची तर पेट्रोलची टाकी कोरडी करून द्यावी लागते, गाडी गोणपाटात बांधावी लागते, पार्सल ऑफिसात नोंदणीपुस्तकाची प्रत द्यावी लागते. परतताना हे सगळं पुन्हा. खेळाचा पहिला खर्च हा असा, एकही चक्कर न मारता.

पण शर्यत म्हणजे काय, हे गोंदियाला कोणी मोटारवाल्याने शिकवायची गरज नाही. धान कापून, चुरून घरात आलं की गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू होतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. थंडीत पहाटेपर्यंत चालणारं नाटक बघून माणसं तशीच पुन्हा पटावर येतात. कुठे दोन जोड्या समांतर पळतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर. धुरकरी जेमतेम टेकायला जागा असलेल्या हलक्या छकड्यावर, हातात कासरा, आणि खाली जमीन मागे पळते आहे. पळणं आटोपतं ते काही सेकंदांत. त्या सेकंदांसाठी जोडी वर्षभर पोसायची: ढेप, सरकी, दूध, रोजची मालिश, शिवाय पळण्याचा सराव. शेतीच्या कामाला हे बैल सहसा जुंपत नाहीत. म्हणजे घरात एक जोडी कामाची आणि एक हौसेची. हौशी खेळाची याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही.

या खेळाचा न्यायालयीन प्रवासही मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी तो बंद केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह पुन्हा परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्याच २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीला बैलगाड्यांच्या शर्यतीचं पहिलं बक्षीस काय होतं, तर महिंद्राची थार. बैलांनी पळून मोटार जिंकायची! आमच्याकडच्या एखाद्या पटशौकिनाने ती विकून आणखी एक जोडी घेतली असती, याबद्दल मला शंका नाही.

पट पाहिलेल्या माणसाला मोटारींची ड्रॅग शर्यत समजावून सांगावी लागत नाही. सरळ पट्टा, शेजारी-शेजारी दोन गाड्या, निशाण मिळालं की सुटायचं, घड्याळ सेकंदाचे तुकडे मोजतं, आणि सगळा दिवस आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो. अंतर ठरलेलं, पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर. चांगली वेगवान मोटार ते दहा-बारा सेकंदांत कापते, साधी घरगुती मोटार सतरा-अठरा सेकंदांत. पुण्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाने ही शर्यत भरत आली आणि तिथे स्कूटरपासून कोट्यवधींच्या मोटारींपर्यंत सगळं पळालं. प्रवेश फी भरून कोणीही आपली रोजची गाडी पळवू शकतो, म्हणून हा खेळ स्वस्त वाटतो. पण सेकंदाला किती रुपये पडले असा भाग दिला, तर याच्याइतका महाग खेळ दुसरा नाही. दोन-तीन वेळा पळालात तर दिवसभराची कमाई पाऊण मिनिटाची. आणि एकदा का शेजारचा पुढे गेला की माणूस इंजिनावर पैसे ओतू लागतो. पटातल्या ढेपेचा खर्च वाढतो, त्याच चालीने.

धावपट्टीवरून आठवलं. गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, विमानतळ बांधला. साधारण त्याच सुमारास, १९४३ मध्ये, इंग्लंडात सिल्व्हरस्टोनचा लष्करी विमानतळ सुरू झाला. युद्ध संपलं, विमानं गेली, आणि १९४८ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या धावपट्ट्यांवर व आजूबाजूच्या रस्त्यांवर ग्रां प्री शर्यत झाली. आज ते जगातल्या नामांकित ट्रॅकांपैकी एक आहे. आपल्याकडेही मुंबईत जुहूच्या आणि मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर मोटारी पळाल्या. बिरसीच्या वाट्याला वेगळंच नशीब आलं. तिथे वैमानिक घडवणारी संस्था आली, आणि २०२२ मध्ये प्रवासी विमानंही सुरू झाली. जिल्ह्याच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. पण मोटारशर्यतीला लागते ती रुंद, सपाट, मोकळी, कुंपण असलेली जागा जिल्ह्यात होती आणि ती दुसऱ्या चांगल्या कामाला गेली, एवढी नोंद करून ठेवू. कारण या प्रकरणातला खरा खर्च तिथेच आहे. मोटारशर्यतीत गाडी ही स्वस्त वस्तू आहे, महाग आहे ती जागा. ज्या प्रकारात जागा दुसऱ्याने आधीच बांधून ठेवली आहे तो खेळणाऱ्याला परवडतो. बाकीचे प्रकार श्रीमंतांकडे जातात, नाहीतर रस्त्यावर येतात.

कार्टिंग हे याचं सर्वात स्वच्छ उदाहरण. शहरांतल्या भाड्याच्या ट्रॅकवर काही शे रुपयांत सात-आठ मिनिटं कार्ट चालवायला मिळते. नागपूरपर्यंतचं रेल्वेभाडं धरूनही एका माणसाचं काम हजाराच्या आत-बाहेर होतं. मोटार नको, परवाना नको, हेल्मेट तेच देतात. आणि थरार? वेगाच्या काट्यावर पाहाल तर हसू येईल. भाड्याची कार्ट ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर पळते. आमगावच्या रस्त्यावर कोणतीही मोपेड एवढी पळते. पण कार्टमध्ये तुमची बैठक जमिनीपासून बोटभर उंचीवर असते. खाली स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, ट्रॅकवरचा प्रत्येक खडा थेट मणक्याला कळतो. डोळे जितके खाली, तितकी जमीन जोरात पळताना दिसते. ताशी पन्नासचे नव्वद वाटतात ते यामुळे. पहिल्यांदा उतरलो तेव्हा माझी मनगटं थरथरत होती आणि दुसऱ्या दिवशी बरगड्यांनी हजेरी लावली. शर्यतीतले कार्टवाले बरगड्यांना वेगळं कवच बांधतात, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

कार्टची गंमत तिच्या गरिबीत आहे. मोटारीत इंजिन ज्यांना फिरवतं त्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरन्शियल नावाची यंत्रणा असते, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. कार्टला ती नाही. मागची दोन्ही चाकं एकाच लोखंडी दांड्याला घट्ट बसवलेली, ती सारखीच फिरणार. मग कार्ट वळते कशी? पुढची चाकं वळवली की सांगाडा पिळला जातो आणि आतल्या बाजूचं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जातं. तीन चाकांवर वळण घ्यायचं आणि बाहेर पडताना चौथं खाली टेकवायचं, असा तो मामला. चालवणाऱ्याने किती ब्रेक लावला, कधी लावला, अंग कुठे झुकवलं, यावर ते चाक उचलणं अवलंबून. म्हणूनच जगातले बहुतेक मोठे शर्यतपटू लहानपणी कार्टमध्ये घडलेले असतात.

पण भाड्याच्या कार्टमधून स्पर्धेच्या कार्टमध्ये पाय टाकला की हिशेबाचं पान बदलतं. स्पर्धेतली रोटॅक्स इंजिनाची कार्ट १२५ सीसीची असते आणि मोठ्यांच्या गटात ती सुमारे तीस अश्वशक्ती देते. आपली १२५ सीसीची रोजची मोटारसायकल दहा-बारा देते, यावरून अंदाज घ्या. टायर मऊ रबराचे, एका शर्यतीच्या आठवड्यात संपणारे. मेकॅनिक वेगळा, इंजिनाची देखभाल वेगळी, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना वेगळा. वर्षाचा खर्च लाखांत मोजावा लागतो, तोही एका हाताच्या बोटांवर नव्हे. कोल्हापूरच्या मुलांना एक सवलत आहे. ट्रॅक त्यांच्या गावात आहे, शाळा सुटल्यावर सराव करता येतो. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. घरचं पाठबळ होतं, हे खरं. पण पाठबळ असलेली घरं विदर्भातही आहेत, फक्त असा ट्रॅक दाराशी नाही.

पुण्याचा प्रकार निराळा. इथे दुचाकी आणि माती. मैदानात मातीचे उंचवटे रचायचे, त्यांवरून मोटारसायकली उडवायच्या, त्याला सुपरक्रॉस म्हणतात. पुण्यातली एक अख्खी पिढी जुन्या टू-स्ट्रोक गाड्या कापून, वेल्डिंग करून, शॉकअप बदलून या खेळात आली. गल्लीतल्या गॅरेजवाल्याच्या हातावर उभा राहिलेला हा खेळ आहे, म्हणून मला तो सर्वात मराठी वाटतो. ऋग्वेद बारगुजेसारखे राष्ट्रीय विजेते याच शहरातले. संजय टकले यांचीही सुरुवात पुण्यात मातीवरच झाली. पुढे ते मोटारींच्या रॅलीकडे वळले आणि २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या डकार क्लासिकमध्ये उतरले. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली तीही पुण्यातच.

खर्च पाहू. हिरोची एक्सपल्स दीड लाखाच्या आसपास येते. ती घेऊन ऑफिसलाही जाता येतं आणि रविवारी मातीतही. इथपर्यंत खेळ मध्यमवर्गीय आहे. पण खास या खेळासाठी बनवलेली कावासाकीची केएक्स २५० आठ लाखांच्या घरात जाते, आणि लहान मुलांसाठीची केएक्स ६५ सुद्धा तीन लाखांच्या पुढे. शिवाय या गाड्यांना दिवे नाहीत, पाटी नाही, त्या रस्त्यावर आणणं बेकायदा. म्हणजे न्यायला पिकअप हवा. बूट, गुडघ्यांचं कवच, छातीचं कवच, मानेचा पट्टा, हे निराळं, आणि त्यात काटकसर करणारा पुढे हाडांच्या डॉक्टरकडे ते पैसे भरतो. थराराबद्दल मात्र तक्रार नाही. मातीतल्या शर्यतीत चालवणाऱ्याच्या हृदयाचे ठोके सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमाल मर्यादेच्या जवळ असतात आणि काही मिनिटांत पोटऱ्या, दंड, मनगटं दगड होतात. बसून करायचा हा खेळ नव्हे.

बसून करायचा खेळ नाशिकच्या बाजूला सापडेल. वेगाच्या रॅलीबद्दल मी फार लिहीत नाही. तिला सांगाड्यात लोखंडी पिंजरा बसवलेली मोटार, बंद केलेला रस्ता आणि मोठं पाकीट लागतं. तिचा गरीब भाऊ मला जास्त आवडतो: टीएसडी, म्हणजे वेळ, वेग आणि अंतराची रॅली. यात सर्वात आधी पोचणारा हरतो. आयोजक ठरावीक सरासरी वेग देतात, समजा ताशी चाळीस. वाटेत कुठे घड्याळ लावून पंच बसलेत ते सांगत नाहीत. तुम्ही ठरल्या सेकंदाला तिथून जायचं. उशीर झाला तर गुण जातात, लवकर गेलात तरी जातात. एक चालवतो, दुसरा मांडीवर वाटेचं पुस्तक आणि हातात गणकयंत्र घेऊन ओरडत असतो. गुरांचा कळप आडवा आला, फाटक पडलं, की सगळा हिशेब नव्याने. घरची मोटार, पेट्रोल, प्रवेश फी आणि भांडण सोसणारा जोडीदार, एवढ्यावर भागतं. नवरा-बायकोने यात एकत्र उतरू नये असं माझं मत आहे, पण ते उतरतात, आणि जिंकतातही.

वेग आणि थरार यांचं नातं किती सैल आहे, ते पाहायचं तर पावसाळ्यात गोव्याला जावं. तिथे २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं. जिप्सी, जीप, थार अशा फोर-व्हील गाड्या चिखलात, ओढ्यात, जवळजवळ उभ्या चढांवर घालायच्या, अडकल्या की विंचने ओढून काढायच्या. वेग माणसाच्या चालण्याइतका. खर्च प्रचंड, कारण प्रत्येक मीटरला काहीतरी मोडतं. हे ऐकून आमच्याकडचा ट्रॅक्टरवाला म्हणेल, की रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखलणी करताना मी हे रोज करतो आणि वर तासाचे पैसे घेतो. त्याचं बरोबर आहे.

मोठ्या सर्किटांची गोष्ट थोडक्यात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० मध्ये झाला, लांबी ३.७ किलोमीटर. कोइंबतूरचा कारी स्पीडवे २.१ किलोमीटरचा, २००३ पासूनचा. तो ज्यांच्या नावाने आहे त्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं इंजिन वापरून एकआसनी शर्यतीची गाडी बनवली, फॉर्म्युला मारुती. परदेशी गाडी परवडत नाही म्हणून घरच्या इंजिनाभोवती गाडी बांधायची, हा विचार भारतीय शर्यतींचा पाया ठरला. आज काही कंपन्या एकाच जातीच्या मोटारसायकली स्वतः पुरवतात आणि चालवणारा फक्त फी व अंगावरचा सूट घेऊन जातो. सर्किटवर जाण्याचा हा सर्वात शहाणा रस्ता. गाडी पडली तर मात्र भरपाईचा कागद आधी नीट वाचलेला बरा.

स्वस्ताईचा जागतिक विक्रम कोणाचा? माझं मत इंग्लंडातल्या गवत कापणाऱ्या यंत्रांना. १९७३ मध्ये वेस्ट ससेक्समधल्या विस्बरो ग्रीन गावी काही मोटारवेड्यांनी ठरवलं की शर्यती फार महाग झाल्या आहेत. प्रत्येकाच्या शेडमध्ये इंजिन असलेली कोणती वस्तू आहे, तर बसून चालवायचं गवतयंत्र. पाती काढली, शेत मिळवलं, संघटना काढली. पैशाचं बक्षीस नाही, प्रायोजकांचा पैसा नाही. यांची रात्रभर चालणारी बारा तासांची शर्यत स्टर्लिंग मॉससारख्या ग्रां प्री विजेत्यानेही जिंकली आहे.

आपल्याकडे याला तोडीस तोड एक खेळ आहे आणि त्याला कोणी मोटारस्पोर्ट म्हणत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी चालवण्याच्या स्पर्धा होतात. चुन्याने आखलेल्या वाटेतून, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे मागे नेऊन जागेवर लावायचा, घड्याळ चालू. ट्रॉली उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. मेंदूला हे उलटं गणित पटत नाही, आणि मैदानाभोवतीचे हजार लोक सल्ले देत असतात. खर्च दोन-चार लिटर डिझेल. धानाच्या जिल्ह्यात ट्रॅक्टरांना तोटा नाही. डिसेंबरात धान निघालेल्या बांध्या कोरड्या, कडक पडलेल्या असतात. मंडईला गर्दी आयतीच असते. गोंदियात पटाच्या दुसऱ्या दिवशी, त्याच मैदानावर, हा खेळ लावायला एका ग्रामपंचायतीचा ठराव पुरेल.

रस्त्यावरच्या शर्यतींचा हिशेबही मांडायला हवा, कारण जिल्ह्यातली बरीच मुलं तोच प्रकार खेळतात. वरवर पाहता तो फुकट. प्रत्यक्षात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलगा अज्ञान असेल तर कलम १९९ अ खाली पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि विम्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की शर्यतीत किंवा वेगाच्या चाचणीत गाडीचं नुकसान झालं तर भरपाई नाही. ही अट ट्रॅकवरच्या अधिकृत शर्यतीलाही लागू असते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

एवढं वाचूनही ज्याला जायचंच आहे, त्याने या क्रमाने जावं असं मी म्हणेन: आधी भाड्याची कार्ट, दोन-तीन वेळा, मग घरच्या मोटारीने एखादी टीएसडी, मातीची ओढ असेल तर एक्सपल्सवर एखाद्या शिकवणी शिबिरात. स्वतःची शर्यतीची गाडी सर्वात शेवटी. आणि कुठल्याही मैदानावर पोचलात, पट असो की कार्टिंग, तर फीचा दर विचारण्याआधी एकदा मान वळवून रुग्णवाहिका कुठे उभी आहे ते पाहा. ती दिसली नाही, तर परतीच्या गाडीची वेळ बघा.